कपाटात जपलेला दुसरा राऊटर

मंडळी, आज डोकं फिरलंय!

नंदुरबारच्या मिरची बाजारात एका आडत दुकानात मी दोन राऊटर बसवले होते. एक बंद पडला की दुसरा आपोआप त्याचं काम हाती घेतो. फक्त तो कायम चालू हवा. आज पहिला बंद पडला. पावत्या निघेनात, बाहेर गाड्यांची रांग. धावत गेलो, तर दुसरा जागेवरच नाही!

मुनीम शांतपणे म्हणाले, "भाऊ, नवा शे. मिरचीनी धूळ लागी जाई म्हणीसन कपाटमा ठेवी दिधा."

तो काढून जोडला, नेट सुरू. मग पहिलाही दुरुस्त केला. घरी पोहोचतो तोच मुनिमांचा फोन: "भाऊ, जुना चालू शे. आते नवा परत कपाटमा ठेवी दिधा."

तुम्हीच सांगा, आता कपाटातच वायरिंग करू का?