पेसाहचा आठवा दिवस

खांदेश्वरच्या बिल्डिंगखाली टॅक्सी थांबली होती, आणि बाबा माझ्या मोबाइलवर आवाज नीट रेकॉर्ड होतो का ते पुन्हा पुन्हा बघत होते. "नोकरी होईल, घर होईल. तू तेवढं वाचन पाठवत जा," एवढंच म्हणाले.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी यहुदी. पनवेलच्या आमच्या प्रार्थनालयाला आम्ही मशीदच म्हणतो. तिथले जाणते एकेक करून इस्रायलला गेले आणि तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचायला एकटे बाबा उरले. तरी मीही निघालोच. नववीत शाळा सोडून पावणे एमआयडीसीतल्या वर्कशॉपला लागलेला मी. हिब्रू अक्षरं शिकलो ती बाबांच्या शेजारी बसून. त्या अक्षरांवरच इथे इस्रायलमध्ये कारखान्यात उभा राहिलो. हे उपकार मी विसरलेलो नाही, असं मला वाटायचं.

तोरेच्या गुंडाळीत स्वरांच्या खुणा नसतात, त्यात बाबांची नजर अधू. म्हणून दर शनिवारी तोरेचा जो ठरलेला भाग वाचतात, तो मी आधीच्या रविवारी रेकॉर्ड करून पाठवतो आणि ते आठवडाभर ऐकून तयारी करतात.

एका वर्षी पेसाहचा आठवा दिवस शनिवारी आला. हा बिनखमिराच्या भाकरीचा सण इथे सातच दिवस, तिकडे भारतात आठ. त्यामुळे त्या शनिवारी आम्ही नेहमीचा पुढचा भाग वाचला, पनवेलला सणाचं वेगळं वाचन झालं, आणि ते आमच्या एक आठवडा मागे राहिले. बाबांनी आधीच बजावलं होतं, "बेनी, आपले आठ दिवस हां." मी म्हटलं, "हो बाबा, टेन्शन नका घेऊ." आणि रविवारी इथलं कॅलेंडर बघून इथलाच भाग पाठवून दिला.

बाबांनी गुंडाळी त्याच जागी आणून ठेवली. शनिवारी वाचायला लागले, तर स्वरांच्या खुणा असलेलं छापील पुस्तक घेऊन शेजारी उभे असलेले सॅमसनकाका सगळ्यांदेखत म्हणाले, "दाऊद, पोराने पुढच्या आठवड्याचं पार्सल आजच धाडलं की रे!" लोक हसले. गुंडाळी मागे फिरवली. मग काका एकेक शब्द सांगत गेले आणि बाबा त्यांच्या मागून म्हणत गेले, लहान मुलासारखे.

रविवारी मी माफी मागायला फोन केला, तर तेच म्हणाले, "चूक माझी. मलाच कळायला हवं होतं. सॅमसनला सांगतो, आता दुसरं कुणी बघा."

"दुसरं कोण आहे, बाबा?"

मग म्हणाले, "बरं. नीट बघून पाठव."

तेव्हापासून भिंतीवर दोन कॅलेंडरं आहेत. पण टोचतं ते वेगळंच. त्या वर्षी शुक्रवारी संध्याकाळी इथला सण संपला, तेव्हा माझ्या मनात तिकडचाही संपून गेला. दुसऱ्या दिवशी आई-बाबा बिनखमिराची भाकरी खात होते, आणि मला त्याची आठवणसुद्धा नव्हती.

पुढे काही महिन्यांनी पनवेलला एका शनिवारी दोन भाग जोडून वाचले, इथे एकच, तेव्हा कुठे आमचे आठवडे जुळले. दुसऱ्या दिवशी बाबा फोनवर हसले. "गाठलं रे तुला. पाय मात्र भरून आले."

घर मागे सोडून आलो, असं आम्ही इथे आलेले सगळेच म्हणतो. माझं घर त्या अधू नजरेने दुप्पट वाचत माझ्या मागून चालत आलं. त्याच्यासाठी थांबायचं माझ्याकडून राहिलं.