तिची बाजू

बायको गेली तेव्हापासून केळी वाहायची छोटी गाडी अंगणातच उभी होती. इंजिनाचे प्लग गंजून असे बसले की मला हलेनात. पोरगा म्हणाला, "भंगारात देऊन टाका." गाडीबरोबर तिची बसायची जागाही गेली असती, म्हणून मी नाक्यावरून एक मिस्त्री घरी आणला. नाव विचारलं नाही.

या गाडीचं इंजिन सीटखाली असतं. बुड भाजतं म्हणून बायकोने तिच्या बाजूला गोधडी घातली होती. मिस्त्रीने दार उघडलं, गोधडीला पडलेला खळगा बघितला आणि काळे हात मागे घेतले.

"इथं कोण बसायचं, बाबा?"

"घरवाली. दापोऱ्याला माल भरायला सोबत यायची."

"मग ही गोधडी तुम्हीच उचला."

त्याने प्लगांवर तेल सोडलं आणि कानावरची बिडी काढून निवांत ओढत बसला. मी म्हटलं, "लाव की जोर."

"जबरदस्ती केली तर आतच तुटेल. मग भंगारच."

नंतर जरा ढिला, जरा घट्ट करत त्याने एकेक प्लग सोडवला. नवे बसवले, गाडी सुरू झाली.

मी गोधडी पुन्हा अंथरली आणि म्हटलं, "चल, चक्कर मारू." तो मागे, माल ठेवतात तिथे चढून उभा राहिला.

"अरे, पुढे जागा आहे."

"आहे ना," तो म्हणाला. "चालवा तुम्ही."

वळणावर गाडी कलली, तसा माझा हात सवयीने तिला धरायला गेला. गोधडी खालून कोमट झाली होती.