राजाच्या बाजूची वचनं

सहा वर्षं घासून मी पीएच.डी. मिळवली, ती अशा विषयात की जालना जिल्ह्यात तो सांगण्याआधी घोटभर पाणी प्यावं लागतं. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये राजाची बाजू घेणारे धर्मोपदेशक प्रवचनांत बायबलची वचनं कशी वापरायचे, हा तो विषय. नवीन जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत असलेल्या मेहुण्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बराबर हाय, पन याचं एकरी उत्पन्न किती?" गावात चुलत्यांनी आईला बाजूला घेतलं आणि पोरगा धर्म तर बदलून राह्यला न्हाई ना, अशी चौकशी केली.

खरं तर विषय आपल्या लोकांना दोन मिनिटांत कळावा असा. बायबलात एक गोष्ट आहे. लोक एका म्हाताऱ्या संदेष्ट्याकडे जातात आणि आम्हाला राजा दे म्हणतात. तो बजावतो, बाबांनो, राजा आला की तुमची शेतं घेईल, मेंढरांचा दहावा वाटा घेईल, मग रडत बसाल. माझ्या काही उपदेशकांनी हेच वाचलं आणि लोकांना सांगितलं, बघा, शेतं आणि मेंढरं घेणं हा राजाचा हक्कच आहे, देवाच्या पुस्तकात लिहिलंय! धोक्याची पाटी त्यांनी सातबारा म्हणून वाचून दाखवली. हे लक्षात आलं तेव्हा मी लायब्ररीत एकटाच मोठ्याने हसलो होतो. पुढे चारशे पानं मी त्या लबाडांची सालटी काढली.

तेव्हा मी आमच्या भागातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. म्हणजे दर पावसाळ्यात नोकरी लागायची आणि उन्हाळ्यात जायची. संस्थेच्या अध्यक्षांना शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे भाऊ म्हणायचे. त्यांनी एक दिवस केबिनमध्ये बोलावलं.

"सर, यंदा वाढदिवस तुमच्याच गावात करून राह्यलो. भाषण तुम्ही करा. ते तुमचं राजाचं-बिजाचं टाका दोन वचनं. कायम जागेचा प्रस्ताव बी याच महिन्यात हाय."

माझंच गाव का, हे मला चांगलं ठाऊक होतं. आमच्या गायरानावर त्यांना कॉलेजची नवी इमारत बांधायची होती आणि केक कापून झाला की त्याच मांडवात ग्रामसभा होती, जमीन देण्याच्या ठरावासाठी. त्या गायरानावर आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, साठ मेंढरं चरायची. आणखी सात-आठ घरांची चरायची. ग्रामसभेत विरोधात बोलायचं काम सगळ्यांनी आबांवर सोपवलं होतं. आबा चार दिवस मेंढरांसमोर भाषण पाठ करत होते.

लाज वाटत होती, पण कायम जागाही हवी होती. तयारीला काही वेळ लागला नाही. सहा वर्षं दुसरं काय केलं होतं मी?

वाढदिवसाच्या भाषणात मी बायबलातल्या एका मेंढपाळाची गोष्ट सांगितली, ज्याच्यामागे राजा हात धुऊन लागला होता. एकदा राजा एकटाच गुहेत त्याच्या तावडीत सापडतो. मेंढपाळ फक्त त्याच्या झग्याचा काठ कापतो, आणि त्याचंही त्याला वाईट वाटतं, कारण राजाला देवाने नेमलेलं असतं. हा माझ्या उपदेशकांचा हुकमी एक्का. राजा त्या गुहेत परसाकडला गेला होता, हे ते सहसा सांगत नसत. मीही सांगितलं नाही. म्हाताऱ्या संदेष्ट्याचं तर नावच काढलं नाही. "भाऊंना देवानेच या भागासाठी नेमलंय," मी म्हणालो, आणि टाळ्या पडल्या. शेजारी बसलेले कीर्तनकार महाराज माझ्या कानाशी आले. "हे वचन कुठलं हो सर? आपल्याला लागंल."

मग ग्रामसभा सुरू झाली. ग्रामसेवकाने ठराव वाचला. कोणाची हरकत असेल तर उठून बोला, असं सरपंच म्हणाले. आबा उठले. अंगात इस्त्रीचा सदरा होता. मेंढरंवाली माणसं एकदम सावरून बसली. आबांनी व्यासपीठाकडे पाहिलं. मी भाऊंच्या खुर्चीला खेटून बसलो होतो, गळ्यात हार. मग आबा खाली बसले. बाकी कोणी उठलंच नाही.

घरी जाताना मोटारसायकलवर ते माझ्या मागे बसले होते.

"लई भारी बोल्ला तू," ते म्हणाले. "घरून समदं पाठ करून आल्तो मी. पन माह्या पोरानं देवाचं नाव घेतल्यावर मी न्हाई कसं म्हनू?"

मी गोष्ट अर्धीच सांगितली, उरलेली अर्धी तुमच्या बाजूची आहे, हे मला तेव्हा सांगता आलं असतं. गाडी वळवून परत मांडवात नेता आली असती. मी गिअर बदलला आणि घरी आलो.

मी आता कायम आहे. मेंढरं दिवाळीच्या आधी बाजारात गेली. मध्यंतरी पुस्तक काढायचं म्हणून प्रबंध पुन्हा वाचायला घेतला. शेवटच्या प्रकरणात मी लिहिलंय की ही प्रवचनं ऐकून गप्प बसलेल्या साध्या माणसांचं पुढे काय झालं, याची नोंद आपल्याला कुठेही सापडली नाही. मार्गदर्शकांनी त्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली आहे. मी ते वाक्य तसंच ठेवलं.