काट्यावरच्या हर्षाबायची साखळी

हर्षाबायने बारा वर्षं डिचोलीजवळच्या एका खाणीच्या वजनकाट्यावर काढली. ट्रक काट्यावर चढला की कॉम्प्युटरवर नंबर टिपायचा, वजन घ्यायचं, पावती फाडायची. तिथला एक नियम तिच्या हाडीमांसी भिनला होता: ज्या फाटकावर माणूस नाही, त्याची साखळी ओढून घ्यायची. खाण बंद पडली, काटा गंजला, पण कॉम्प्युटरवरचा हात काही सुटला नाही. सर्वण गावातल्या घरी बसून ती वेबसाइट सांभाळायला शिकली. पहिलं काम मांद्रेच्या श्रीनाथने दिलं, त्याच्या गेस्टहाउसचं. त्याच्या शब्दावर आणखी तिघे आले.

आज दुपारी त्याच श्रीनाथचा फोन.

"हर्षाबाय, साइट उघडली की पाटी येते, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून. पाहुणे विचारतात, कार्ड नंबर चोरता काय? सीझन तोंडावर आलाय गो."

"प्रमाणपत्राची मुदत संपलीय. बघते मी."

"संध्याकाळपर्यंत बघ. नाहीतर पणजीचा एक जण तयार आहे. त्याचं ऑफिस आहे हां, माजघर नव्हे."

श्रीनाथ गेला की ते तिघेही जाणार, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

पाहुण्याचा फोन आणि साइट ठेवलेला सर्व्हर यांच्यातलं बोलणं तिसऱ्याला कळू नये, तर सर्व्हरकडे ओळख पटवणारं प्रमाणपत्र लागतं. हे तीन महिन्यांचं होतं. मुदत संपायच्या आत सर्व्हर ते देणाऱ्या संस्थेकडून आपणहून नवं मागवतो. या वेळी मागवलं होतं, आलं नव्हतं. नोंदींत रोज एकच ओळ: उत्तराची वाट बघून जोडणी सोडली. हर्षाने साइटचा पत्ता तपासला, बरोबर होता. सर्व्हर बंद करून चालू केला. चारदा मागणी केली, चारदा तीच ओळ. पाचवी फसली तर तासभर मागणीच घेत नाहीत. तिने कीबोर्डवरून हात काढला.

तेवढ्यात सासूबाई परसातून आत आल्या.

"गो हर्षा, पुढलं दार कित्याक लावलंस? पाव घेऊन आलेला पोदेर हॉर्न वाजवून वाजवून गेला. पाव नाही, आता चहात काय तुझा कॉम्प्युटर बुडवू?"

"पुढे कोणी बसलं नव्हतं आई, म्हणून..." हर्षा मध्येच थांबली.

साइट खरंच आपली का, हे बघायला प्रमाणपत्रवालेही दारावर येतात, आणि तेही जुन्या, बिनकुलपाच्या दारावर: ऐंशी नंबरच्या पोर्टवर. कुलपाचं दार, म्हणजे सुरक्षित जोडणीचं, नीट चालतंय, जुन्यावर कोणी नाही, असं बघून दोन महिन्यांपूर्वी तिनेच सर्व्हरच्या पहाऱ्यावरच्या फायरवॉलमध्ये ते जुनं बंद केलं होतं. साखळी ओढावी तसं.

तिने ते उघडलं. आलेल्या पाहुण्याला तिथून कुलपाच्या दाराकडे वळवायचं, तपासणाऱ्याला मात्र तिथेच उत्तर द्यायचं, एवढं लिहिलं आणि पाचवी मागणी केली. प्रमाणपत्र आलं! तरी पाटी हटेना. सर्व्हर जुनंच धरून बसला होता. त्याला नवं वाचायला लावलं, तेव्हा पाटी गेली.

"उघडली," श्रीनाथ फोनवर म्हणाला. "कोणाची चूक गो?"

"माझीच. नको ते दार लावलं होतं."

"पणजीवाल्याने माझ्यावर ढकलली असती. राहू दे, तूच बघ."

फोन ठेवून हर्षा उठली नाही. बाकी तीन साइटींवरही तिने तीच साखळी ओढली होती. सासूबाईंनी कोरा चहा शेजारी ठेवला. तिसरं दार उघडेस्तोवर तो निवून गेला.