दोन्ही नर

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. पण या शिक्षणापायी आईच्या बदकांचा जो घोळ झाला, तो आठवला की अजून चिडचिड होते.

आईनं पांढरकवड्याच्या बाजारात पक्षी विकणाऱ्या चाचांकडून लांब मानेच्या मोठ्या बदकांची जोडी आणली. पुस्तकात यांना हंस म्हणतात, आमच्याकडे सरसकट बदक. तिला पिल्लं हवी होती. ही जात थंडीत अंड्यावर येते; तो मौसम हुकला की पुढच्या वर्षापर्यंत थांबा. तिनं खुराडासुद्धा लिंपून ठेवला होता. थंडी सुरू होऊन महिना गेला, अंडं काही दिसेना.

"चाचानं दोनी नरच त नाही देले? पाहून सांग बाई, तू शिकेल हायस."

मी पाहिलं. कोंबडा तुऱ्यावरून कळतो, मोर-लांडोर दुरून कळतात. इथं दोन्ही पांढरी, दोन्ही सारखीच उंच. शब्द मात्र मला पाठ होते. हंस नर, हंसी मादी. इंग्रजीत गँडर म्हणजे नर, गूज म्हणजे मादी, आणि अख्ख्या जातीलाही गूजच म्हणायचं. नववीत हे लिहून मी पूर्ण मार्क घेतले होते. 'मले नाही समजत' एवढंच म्हणायला हवं होतं. पण तसं म्हणायची सोय घरात मला कोणी ठेवली नव्हती, आणि मीही कधी मागितली नव्हती.

जोडीतलं एक बदक मान जमिनीसरशी ताणून फुसफुसत अंगावर यायचं. शेजारच्या काकूंच्या पोटरीला चावलंही होतं. मी ठणकावून सांगितलं, "दोन्ही नर आहेत. हा तर पक्का गँडर. हाच बदलून आणू."

"गँडर!" बाबा खूश. "पाह्य, पोरगी कशी फाडफाड बोलते."

बाजारात चाचा म्हणाले, "बदलके देता हूँ. आपही पसंद करो ताई, आप तो पढ़ेलिखे." मी पाटीतलं सगळ्यात गरीब, मान खाली घालून बसलेलं बदक उचललं. गरीब म्हणजे मादी, हा माझा हिशेब! कॉलेजात बायकांच्या हक्कांवर भाषणं ठोकली होती मी.

चार दिवसांनी गुरांचे डॉक्टर गाईला सुई द्यायला आले. त्यांनी दोन्ही बदकं उलटी धरून शेपटीखाली पाहिलं. "दोन्ही नर आहेत."

ते गेल्यावर आई हळूच म्हणाली, "मले वाटतच होतं. आपन परत देलेलं ते धावणारं रोज चोचीनं कुटार-काड्या वढून गोठ्याच्या कोपऱ्यात जमा करे. कोनाले तिकडं फिरकू नाही दे. अंड्यावर आलतं ते."

"मंग बोलली काहून नाही?"

"तू म्हनलं दोनी नर. मले वाटलं पुस्तकात असन."

मी ओरडलेच. "तुझ्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं, अन् मी म्हटलेलं खरं?"

"आता तुयासमोर मी काय बोलू, बाई?"

पुढच्या बाजाराला आम्ही एक नर घेऊन परत गेलो. पहिल्या बदकाची चौकशी केली तर चाचा हसले. "वो? उसने तो टोकरी में ही अंडा दिया. राजूरवाले ले गये."

पाटीत तीन बदकं होती. मी म्हटलं, "आई, या वेळी तू निवड." ती उकिडवी बसली. बराच वेळ त्यांची चाल पाहिली, आवाज ऐकला. मग एकावर बोट ठेवलं. उचलेना मात्र.

"बरोबर हाय ना?"

"मला नाही ओळखता येत, आई. खरंच. तेव्हाही येत नव्हतं."

"मजाक नको करू."

"मजाक नाही. तू म्हणतेस तीच मादी असेल."

तिनं हात मागं घेतला. "मंग राहू दे. तुलेच पक्कं नाही त कायले न्यायचं? पुढच्या बाजाराले पाहू."

पुढच्या बाजारापर्यंत थंडी किती उरणार होती? चाचा म्हणाले, "हाँ बोलो ना ताई, गिऱ्हाईक खडे हैं."

"हो," मी म्हटलं. "बरोबर आहे. मादीच आहे ती."

तेव्हा कुठं आईनं ते बदक काखेत घेतलं.