आबांच्या ठेक्याची जुळवाजुळव

सुटे भाग जोडून घरीच बनवायचं ड्रम मशीन मी मागवलं ते आबांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. बटण दाबलं की थाप वाजते आणि एकदा भरून दिलेला ठेका ते आपोआप वाजवत राहतं. पुडकं जळगावच्या माझ्या खोलीवर आलं, पण मी ते न फोडता रविवारी धरणगावला घरी घेऊन गेलो.

आबांनी चाळीस वर्षं आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांना ढोलकी वाजवली. श्रावणात गल्लीत कानबाई बसली की बाया गायला बसायच्या आणि त्यांच्यासमोर ढोलकी घेऊन आबा. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात तसाच राहिला. तेव्हापासून कानबाईच्या दिवशी ते दार लोटून घरात बसतात, आणि मला ते बघवत नाही. डाव्या हाताची बोटं धड आहेत, तेवढ्यावर ठेका धरता येईल आणि यंदा ते गाण्यांना जाऊन बसतील, असा माझा बेत होता. त्यांना तसं तोंडावर सांगायची मात्र हिंमत नव्हती.

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि घरच्यांना नकोसा होईल इतका काटेकोर आहे. ओसरीवर वर्तमानपत्र पसरलं, सोल्डरिंगची पेन, कथलाची तार, मल्टिमीटर आणि भागांची यादी ओळीने मांडली, मधोमध कोरा सर्किट बोर्ड ठेवला आणि आंघोळीला गेलो. परत येतो तर बोर्डावर ओलं हळदकुंकू, चार अक्षता आणि जास्वंदीचं फूल.

"नवी मशीन शे," आई म्हणाली. "पुज्याबिगर हात लावस का कोनी?"

माझं डोकंच फिरलं. बोर्डाच्या बारीक भोकांत कुंकू बसलं तर कथील धरत नाही, हे मी तिला वर्गातल्या आवाजात समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मिक्सर कसा चाली ऱ्हायना?" आमच्या मिक्सरच्या बुडाशी अजून कुंकवाचे डाग आहेत.

जुना टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन अर्धा तास बोर्ड घासला. तो नीट वाळेपर्यंत जोडणी करणं शक्य नव्हतं, म्हणून मधल्या वेळात भाग निवडायला घेतले. रेझिस्टरवर रंगांचे पट्टे असतात आणि त्यावरून तो किती ओहमचा ते ओळखायचं असतं. तपकिरी आणि लाल यांत माझी नेहमी गल्लत होते. मी प्रत्येक दाणा आधी अंदाजाने एका बाजूला ठेवून मग मल्टिमीटरला लावून तपासत बसलो होतो.

"हाऊ तिकडला नही. हाऊ लाल शे," खाटेवरून आबा म्हणाले.

मोजून पाहिलं, ते बरोबर होते. उभी हयात जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहण्यात गेलेली, रुईतली पिवळी झाक ज्यांना दाराशीच दिसायची, त्यांना हे काय अवघड. थोड्या वेळाने ते स्वतःच खाली सतरंजीवर आले आणि डाव्या हाताने निवडायला लागले. मी मल्टिमीटर बाजूला ठेवला. जेवणापर्यंत आम्ही दोघं ताटात छोटे छोटे ढीग करत होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

"पन हाई शे तरी काय?" त्यांनी विचारलं.

मग मी सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी हातातला रेझिस्टर खाली ठेवला.

"बाया दम लेतीन तवय हाई थांबी का?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं की चौथ्या-पाचव्या गाण्याला म्हाताऱ्या थकतात, ओळ मागे पडते. तेव्हा ढोलकीने त्यांच्यासाठी रेंगाळायचं असतं आणि दम आला की त्यांना हळूच पुढे काढायचं असतं. चाळीस वर्षं ते बायांच्या तोंडाकडे बघून वाजवत होते. मशीन थांबणार नाही, हे मला कबूल करावं लागलं. सगळा बेत बारगळला असं वाटून मी हिरमुसलो.

ताटात वेगाची गोल खुंटी पडली होती. ती उचलून मी म्हणालो की हिने ठेका सावकाश किंवा जलद करता येतो, पण ती फिरवायला गाण्यांची जाण असलेलं कोणीतरी बायांच्या समोर बसायला हवं.

आबांनी ती घेतली. अंगठ्याने एकदा इकडे फिरवली, एकदा तिकडे.

"दुसराले जमाव नही ते," ते म्हणाले. मग घरात वळून आईला विचारलं, "कानबाईले कितला दिन ऱ्हायनात?"

"एकवीस," आई आतून म्हणाली. तिला ना बोटं मोजावी लागली, ना कॅलेंडरकडे बघावं लागलं. या घरात ते दिवस आता कोणी मोजत नाही, असं मी दोन वर्षं समजत होतो.