उपाशीपोटी चिनी सुया

माझी धाकटी जाऊ पाथर्डीजवळच्या गावाहून सकाळच्या एसटीने नगरला आली, ती चिनी सुया टोचून घ्यायला. तिची पाळी आली की थांबायचं नाव घेत नव्हती. चेहरा पिठासारखा पांढरा, जिना चढली की धाप. मी म्हटलं, आधी डॉक्टरीणबाईंना दाखवू.

"न्हाई अक्का. तिथं गेलं की पिशवी काढत्यात. सुयावाले काढत न्हाईत."

तिच्या गल्लीतून ऊसतोडीला जाणाऱ्या बऱ्याच जणींच्या गर्भपिशव्या ऐन तरुणपणी काढून झाल्या आहेत. त्यामुळे तिच्या भीतीला मी हसले नाही. हसू आलं ते सुयांचं.

हे सुयांचं खूळ आमच्या भिशीतून तिच्यापर्यंत पोचलं होतं. भिशीत एकीचा गुडघा सुयांनी बरा झालेला, दुसरीची झोप परत आलेली, तिसरीच्या मते तिच्या नवऱ्याचा तापटपणासुद्धा कमी झालेला, आणि तोही सुया तिला टोचून. इतक्या दुखण्यांवर चालणारा माल मी आजवर फक्त जत्रेतल्या जडीबुटीवाल्याकडे पाहिला होता.

घरी तिने चहाही घेतला नाही. "नंतर घेते," म्हणाली. आम्ही सावेडीत साड्यांच्या दुकानावरच्या त्या केंद्रात गेलो. भिंतीवर अंगभर ठिपके असलेल्या टकलू माणसाचं चित्र, कोपऱ्यात प्लास्टिकचा बांबू. सुया टोचणाऱ्या गृहस्थांना सगळ्या 'सर' म्हणत होत्या. ते डॉक्टर आहेत का, हे कुणी विचारलेलं नव्हतं. सरांनी जावेच्या दोन्ही मनगटांच्या नाड्या धरल्या आणि जीभ बाहेर काढायला सांगितली. रक्त किती जातं, कधीपासून, एक प्रश्न नाही.

"शरीरातलं थंड-गरम संतुलन बिघडलंय. यकृतात राग साठलाय."

"राग हाय, पन तो सासूबाईंवर हाय," जाऊ म्हणाली.

सर हसले नाहीत. त्यांनी तिच्या पायांत, पोटावर आणि कपाळावर सुया खोचल्या आणि मंद बासरी लावली. मी शेजारी स्टुलावर बसून होते. थोड्या वेळाने तिचे ओठ निळसर दिसायला लागले, कपाळावर घाम आला. हाक मारली तर उत्तर नाही.

"घाबरू नका," सर म्हणाले, "अडलेली ऊर्जा मोकळी होतेय."

"आधी सुया मोकळ्या करा," मी म्हटलं.

ती शुद्धीवर आल्यावर कळलं की आदल्या रात्रीपासून तिच्या पोटात काही नाही. सुई म्हणजे रक्ततपासणी आणि रक्ततपासणी म्हणजे उपाशी जायचं, एवढंच तिला ठाऊक. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्याच तशा. एकीने तर नंतर खायला पोहे डब्यात आणले होते. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "खाऊनच यायचं असतं, पण बायका उपाशीच येतात." मग तसं सांगत का नाही, तर, "कुणी विचारत नाही." ते पोहे मी मागून घेतले आणि जावेला भरवले.

जिन्यातच तिला सांगितलं, डॉक्टरीणबाईंकडे मी आत तुझ्याजवळ बसेन. आज फक्त तपासणी. कुणी पिशवीचं नाव काढलं तर उठून एसटी स्टँड गाठू.

"शप्पत?"

"शपथ."

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं आणि चिडल्याच. हिमोग्लोबिन इतकं कमी, की ही बाई चालत कशी आली, असं म्हणाल्या. पिशवीत लहानशी गाठ होती. रक्तस्राव थांबवायच्या गोळ्या, लोहाची सलाईन, मग पुन्हा तपासणी. "पिशवी काढायची सध्या काहीच गरज नाही."

जावेने पदर सावरला. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. खुर्ची टेबलाजवळ ओढून तिने विचारलं, "मग आमच्या गल्लीतल्या बायांच्या कामून काढल्या?"

"त्या माझ्याकडे आल्या नव्हत्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पन त्यांना बी गाठच हाय म्हनले हुते."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला आणि सलाईन लावायला नर्सला हाक मारली.